ओल्या लाकडाचा हिशेब

गेल्या वैशाखात सांगलीस वळिवाचा मोठा पाऊस झाला. त्या रात्री आमच्या परसातील आंब्याची पूर्वेकडील फांदी मोडून पडली. सकाळी पाहतो तो बुंध्याकडील जाडी अकरा इंच भरली. भट्टीसाठी लाकूड नेणारे एक गृहस्थ नऊच्या आत दारात हजर झाले आणि किलोच्या भावाने बोलू लागले. आमचा जन्म हळदीच्या अडतीत गेलेला; भाव ऐकला की मान हलवण्याची सवय अंगी मुरलेली. तरीही दोन ओंडके मी बाजूला काढून ठेवले आणि उरलेलीच फांदी त्यांच्या स्वाधीन केली. का ठेवले, हे त्या घडीला घरात कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर हसू झाले असते, कारण अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मी खिळादेखील कधी सरळ ठोकलेला नव्हता.

सुज्ञ वाचकहो, या सदरात आपण बहुधा घरातील जुन्या वस्तूंविषयी, वह्या-बाडांविषयी आणि बाजारातील बदलत्या रीतींविषयी बोलतो. या वेळी एका चमच्याविषयी आणि एका वाडग्याविषयी लिहिणार आहे.

माघ महिन्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा हलका झटका आला. वाचा शाबूत राहिली, काठीच्या आधाराने चालणेही सुरू झाले. उजव्या हाताची पकड मात्र परत आली नाही. बोटे मिटतात, पण पुरती मिटत नाहीत. मनगट तर वळतच नाही. पन्नास वर्षे ज्याने सौदे केले तो हा हात. रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची हत्ता पद्धत आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अण्णांच्या बोटाच्या एका दाबातून समोरच्याला रुपयांबरोबर आणेही कळत, असे त्यांचे समवयस्क अजून सांगतात. त्याच बोटांतून आता स्टीलचा चमचा निसटू लागला.

एवढ्यावर भागले असते तरी फारसे बिघडले नसते. परंतु वयाच्या तिसाव्या वर्षापासून अण्णांनी सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेतलेले नाही. आजारपणाची सवलत त्यांनी नाकारली, आणि दुसऱ्याने घास भरवावा हेही त्यांना मान्य नाही. सायंकाळचे ताट सव्वापाचला वाढले जाई. चमचा पडायचा, सूनबाई तो धुऊन आणायच्या, चार घासांनंतर तो पुन्हा पडायचा. माघात सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा ताटात निम्मी खिचडी तशीच असायची. अण्णा खिडकीबाहेर पाहत आणि ताट सरकवत. बोलत काही नसत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून निभावले. परंतु मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य सहालाच मावळतो, याचा हिशेब माझ्या मनात चैत्रापासूनच चालू होता.

व्यायाम करवून घेण्यासाठी येणाऱ्या ताईंनी उपाय सुचवला होता: चमच्याची दांडी जाड करा, म्हणजे अर्धवट मिटलेल्या मुठीतही ती बसेल. आम्ही दांडीला कापड गुंडाळले. ते भिजायचे, हळदीने पिवळे व्हायचे, आणि चार दिवसांत चमचा आतल्या आत फिरू लागायचा. मग सायकलच्या मुठीचे रबर लावून पाहिले. त्याचा वास अण्णांना सोसेना.

एके दिवशी आई काठवटीत पीठ मळत होती. तिच्या सासूबाईंची ती काठवट. एका अखंड लाकडातून कोरलेली, काठाशी बोटभर, तळाशी दोन बोटे जाड. शेजारी आमटी ढवळण्याचा चाटू आणि ताकाची रवी. ही सारी लाकडी भांडी आपल्या स्वयंपाकघरांतून एकेक करून गेली आणि त्यांच्या जागी स्टील आले, याचे मला कधी वाईट वाटले नव्हते. त्या दिवशी चाटू हातात घेतला. स्टीलच्या डावापेक्षा तो तिप्पट जाड आणि तरीही हलका. कढत आमटीतून काढला तरी दांडी गार. मला हवे होते ते हेच. आपल्या परंपरेलाही लाकडी भांडे नवे नाही. आचारांगसूत्रात साधूंसाठी तुंबीचे, लाकडाचे आणि मातीचे अशी तीनच प्रकारची पात्रे सांगितली आहेत, आणि श्वेतांबर साधु-साध्वी आजही लाकडी पात्रांतूनच गोचरी आणतात. फरक एवढाच की ती पात्रे बहुधा कसबी कातारी चरकावर उतरवतात, आणि मी हाती कुऱ्हाड घेणार होतो.

आरंभ करण्यापूर्वी आईने दोन अटी घातल्या. हिरव्या झाडाला हात लावायचा नाही; पडलेले किंवा अन्य कारणाने तोडावेच लागलेले लाकूड तेवढे वापरायचे. श्रावकाला त्याज्य अशा पंधरा कर्मादानांत वनकर्म येते, हे तिने मला पुन्हा ऐकवले. दुसरी अट अशी की लाकूड आधी नीट पाहायचे. ही अट मी मनातल्या मनात किरकोळ समजत होतो, पण आंब्याच्या एका ओंडक्याला भिरूड लागलेला निघाला. सालीवर भुशाचे गोळे, आत बोटाएवढे भोक. तो हातभर तुकडा आम्ही तसाच झाडाखाली नेऊन ठेवला. भट्टीसाठी गेलेली फांदी कोणी पाहिली होती का, असे आईने विचारले. मी उत्तर दिले नाही.

आता लाकडाविषयी. नवशिक्याने दुकानातून वाळलेली फळी आणू नये. ती दगडासारखी असते. हात दमतो, सुरी घसरते आणि उत्साह आठवड्यात मावळतो. ताजे, ओले लाकूड मात्र कच्च्या कोहळ्यासारखे कापले जाते. परसातल्या झाडांपैकी आंबा वाडग्यासाठी बरा: खोड जाड मिळते आणि कोरायलाही फार कठीण नाही. मात्र चीक अंगावर उठतो, तेव्हा बाह्या लांब असाव्यात. पेरू आणि चिकू यांचे लाकूड घट्ट, बारीक पोताचे, चमच्यासाठी उत्तम. शेवगा पाहून मोह होतो, पण ते लाकूड नव्हेच, बोळा आहे. कडुनिंब टिकाऊ खरा. तथापि त्याचा वास आणि कडवटपणा काही दिवस घासात उतरतो. कण्हेर आणि बिट्टी यांना मात्र हातही लावू नये. कुंपणाला ही झुडपे असतात, त्यांच्या फांद्या सरळ असतात, आणि ती नखशिखांत विषारी आहेत.

हत्यारे फार लागत नाहीत. लहान कुऱ्हाड, एक करवत, एक सरळ सुरी, वाडग्यासाठी गोल पटाशी आणि लाकडी मोगरी. चमच्याची खोलगट बाजू कोरण्यासाठी टोक वळवलेली सुरी हवी. ती मला बाजारात मिळाली नाही. लोहाराने जुनी कानस तापवून, वाकवून, पाणी देऊन करून दिली. या सगळ्याला मिळून एका चांगल्या साडीपेक्षा कमी खर्च आला, हे घरातील मंडळींनी लक्षात घ्यावे.

पहिला वाडगा मी आंब्याच्या ओंडक्याच्या अखंड चकतीतून कोरला. गोल लाकूड, गोल वाडगा. याहून सोपे काय? चार दिवस राबलो. पाचव्या दिवशी सकाळी काठापासून मध्यापर्यंत भेग पडली होती, करंगळी जाईल एवढी. मला वाटले लाकूडच वाईट. दुसऱ्या चकतीचेही तेच झाले. तेव्हा आमच्या गल्लीतील एका वृद्ध सुतारमिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी चकती उलटसुलट केली आणि मध्यावरचा भेंडाचा ठिपका अंगठ्याने दाबून म्हणाले, “साहेब, हा आत ठेवून कोणी भांडे करतो काय?”

त्यांनी जे समजावले ते असे. लाकूड वाळताना आकसते, पण सगळीकडून सारखे नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. केंद्राकडून सालीकडे थोडे आकसते, आणि वर्तुळाच्या वळणाने त्याच्या सुमारे दुप्पट. म्हणजे अखंड चकतीचा घेर कमी होऊ पाहतो आणि मधला भाग त्याला तसे होऊ देत नाही. या ओढाताणीत लाकूड फाटते. म्हणून ओंडका आधी उभा, बरोबर मधून फाडायचा. भेंडासह मधला दोन बोटांचा भाग दोन्ही अर्धुकांतून काढून टाकायचा आणि उरलेल्या अर्ध्या ओंडक्यातून आडवा वाडगा काढायचा. असा वाडगा वाळताना लंबगोल होतो, क्वचित थोडा डुगडुगतो, पण आकसायला त्याला मोकळीक मिळते. फाटलेल्या दोन्ही चकत्या आईने तुळशीच्या कुंडीखाली ठेवल्या. अजून आहेत.

माझी आणखी एक चूक होती, ती ध्यानात यायला वेळ लागला. धार. नवी सुरी धारदार असते असे आपण धरून चालतो. कोरताना लाकूड कापले न जाता चुरगळत होते, मी जोर वाढवत होतो, आणि एके संध्याकाळी पटाशी निसटून डाव्या अंगठ्यात गेली. तीन टाके पडले. अण्णा म्हणाले, “आता दोघांचे मिळून हात दोनच राहिले.” झटक्यानंतर त्यांनी केलेला तो पहिला विनोद, त्यापुढे टाक्यांचे दुःख वाटले नाही.

टाके निघाल्यावर मिरजेला गेलो. सांगलीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर लाकूड कोरण्याची एवढी मोठी विद्या नांदते आहे, आणि उभ्या जन्मात मी तिथे फक्त रेल्वे पकडायला गेलो होतो. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वाचले असेलच. या तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकात ज्या फरीदसाहेबांच्या घराण्यापासून सुरू झाली, ते मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एका कारागिरांच्या ओट्यावर मी दोन तास बसलो. वाद्य कसे कोरतात ते मला शिकायचे नव्हते. ते निसण्यावर पाणी शिंपडून पटाशी कशी फिरवतात, तेवढे पाहायचे होते. कोन बदलू न देता, घाई न करता, धारेच्या मागल्या बाजूस नखाला जाणवेल इतकी बारीक कोर उठेपर्यंत. मग बाजू पालटून ती कोर उतरवायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढायची. मनगटावरचे केस उतरले की धार झाली. “दर पंधरा मिनिटांनी,” ते म्हणाले. मी महिन्यातून एकदा म्हणजे पुष्कळ, अशा समजुतीत होतो.

धार असलेल्या हत्याराने इजा कमी होते, कारण जोर लागत नाही. पण दोन पथ्ये तरीही पाळावी. सुरीच्या वाटेवर आपल्या शरीराचा कोणताही भाग असू नये, आणि चमच्याची वाटी तळहातात धरून कधीही कोरू नये. ती ठोकळ्यावर टेकवावी किंवा शिकंज्यात धरावी.

दुसऱ्या वाडग्याची गोष्ट मी अडत्याच्या पद्धतीने केली, आणि तीत मला थोडा अभिमान आहे. अर्ध्या ओंडक्यातून वाडगा कोरला, पण पूर्ण केला नाही. भिंती अंगठ्याएवढ्या जाड ठेवल्या. जिथे लाकडाचे तंतू उभे कापले गेले होते, त्या दोन टोकांना मेणबत्तीचे मेण वितळवून लावले, कारण ओलावा तिथूनच सर्वांत वेगाने पळतो. (पुष्कळ जण इथे मधमाश्यांचे मेण सांगतात. आपल्या घरांत ते चालणार नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.) मग त्याच वाडग्याच्या ढलप्यांसह तो खाकी कागदाच्या पिशवीत घालून वखारीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. वारा नको, ऊन नको. हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. जमिनीखालच्या त्या कोठारांत हवा न लागता हळद वर्षानुवर्षे टिकायची; २००५ च्या महापुराने त्यांचे फार नुकसान केले, ती गोष्ट वेगळी.

वाळला हे ओळखायचे कसे? दुकानात काटा असताना तर्क कशाला करायचा? पहिल्या दिवशी वाडगा भरला १,१८० ग्रॅम. दर चौथ्या दिवशी वजन करायचे आणि रोजमेळाच्या मागच्या पानावर टिपायचे. आरंभी आठवड्याला शंभर-शंभर ग्रॅम घट. श्रावणात ७२५ ग्रॅमवर येऊन आकडा थांबला. मी मोठ्या आनंदाने वही अण्णांना दाखवली. त्यांनी वाडगा डाव्या हाताने कानाशी धरला, मुलाला टिचकी मारायला सांगितली आणि म्हणाले, “माल ओला आहे.” वजन थांबले होते ते बाहेरच्या दमट हवेमुळे. पाऊस उघडल्यावर, आश्विनाच्या उन्हात, आणखी पंचवीस ग्रॅम गेले. मगच टिचकीला खणखणीत आवाज आला. हळकुंड मोडताना ज्या आवाजावर आपण माल घेतो, तोच जातीचा आवाज.

तोवर वाडगा अर्ध्या बोटाने लंबगोल झाला होता. तळ पुन्हा सपाट केला, भिंती पातळ केल्या. एक भिंत मात्र मुद्दाम जवळजवळ उभी ठेवली. उतरत्या भिंतीच्या ताटलीत चमच्याने भात ढकलला की तो वर चढतो आणि बाहेर पडतो. उभ्या भिंतीला टेकला की आपोआप चमच्यात शिरतो. ही युक्ती कोणी शिकवली नव्हती. अण्णांच्या ताटाकडे सहा महिने पाहून कळली.

आता चमचा. इथे पहिला प्रयत्न आंब्याचाच होता, सरळ दांडीचा. जाड मूठ छान बसली. अण्णांनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. “दाराची फळी तोंडात घातल्यासारखे वाटते.” खरेच होते. मोडेल या भयाने मी काठ तसाच जाड ठेवला होता. नवशिका नेहमी असेच करतो: मुठीत जाडी हवी तिथे बेताची आणि ओठाला पातळ हवे तिथे भरपूर. शिवाय वाटी फार खोल झाली होती. खोल चमचा वाढायला चांगला, खायला वाईट. तळाशी राहिलेला घास ओठांना निघत नाही. खायच्या चमच्याची खोली करंगळीच्या नखाएवढी पुरते.

आणि मनगटाचे काय? सरळ चमचा तोंडाकडे नेताना आपण नकळत मनगट आत वळवतो. अण्णांचे मनगट वळत नव्हते. म्हणजे वळण चमच्यातच हवे होते. फळीतून वाकडा चमचा कापता येतो, पण वळणावर लाकडाचे तंतू तुटतात आणि तो तिथेच मोडतो. लाकूड मुळातच वाकडे वाढलेले असेल तर तंतू वळणाबरोबर वळतात, आणि चमचा पातळ असूनही तगतो.

सुदैवाने अशी एक फांदी घरात होती. पावसाळ्यापूर्वी वीजतारांना लागणाऱ्या फांद्या तोडायला माणसे आली, तेव्हा त्यांनी पेरूची एक मनगटाएवढी फांदी उतरवली होती. एका जागी कोपरासारखी वाकलेली. ओली ठेवण्यासाठी ती पाण्याच्या टबात बुडवून ठेवावी असे मिस्त्रींचे मत होते. साठलेले पाणी घरात नको, असे आईचे. मी आईचे ऐकले, आणि फांदी ओली असतानाच ज्येष्ठात फाडून दोन्ही चमच्यांचे ओबडधोबड आकार काढून, पिशवीत घालून ठेवले. फाडण्याची रीत अशी: फांदी ज्या पातळीत वाकली आहे, बरोबर त्याच पातळीत कुऱ्हाडीचे पाते ठेवून मोगरीने हलके ठोके द्यायचे. फांदीची दोन अर्धुके होतात, दोन्हींचा एकेक पृष्ठभाग सपाट, आणि ती एकमेकांची आरशातली रूपे असतात. करवतीने कापू नये. फाडले म्हणजे तंतू अखंड राहतात.

भाद्रपदात पहिले अर्धुक कोरायला घेतले. वाळलेला पेरू शिंगासारखा कठीण. दिवसाला अर्ध्या तासाहून अधिक काम होईना. दुकान बंद करून आल्यावर परसातल्या दिव्याखाली बसायचो. आधी आतली वाटी कोरावी आणि पाठ मागाहून, म्हणजे जाडीचा अंदाज चुकत नाही. वाटी कोरताना दोन्ही काठांकडून मध्याकडे, उताराने, सुरी न्यावी. चढाने नेली की तंतू उपटतात. बारा-तेरा दिवसांनी चमचा तयार झाला. काठ पातळ, वाटी उथळ, मूठ गुबगुबीत. माझ्या हातून एवढी सुबक वस्तू झाली याचे मलाच नवल वाटले. सकाळी अण्णांच्या हातात दिला.

त्यांनी तो उजव्या मुठीत घेतला. वाटी तोंडाकडे वळण्याऐवजी खांद्याकडे वळली.

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग अण्णा हसू लागले, आणि आईही. मी कोरला होता तो डाव्या हाताचा चमचा. उजव्या हातासाठी वाटी डावीकडे, म्हणजे तोंडाकडे झुकायला हवी, एवढी साधी गोष्ट मी कागदावर काढून पाहिली नव्हती. अण्णांनी डाव्या हाताने दोन घास घेऊन पाहिले. ते आधीच्यापेक्षा नीट गेले, हे त्यांनी कबूल केले. “पण माल दुसऱ्याच पेठेचा आहे,” म्हणाले.

दुसरे अर्धुक उरले होते. तशी वाकलेली फांदी आता झाडावर नव्हती, आणि असती तरी चातुर्मासात तिला हात लावण्याचा प्रश्न नव्हता. त्या एका तुकड्यावर मी दिवाळीपर्यंत काम केले. पहिल्याला तेरा दिवस लागले, याला जवळजवळ सव्वा महिना. कारण प्रत्येक वेळी सुरी लावण्यापूर्वी थांबत होतो. व्यापारात शेवटचे पोते विकताना हात असा कधी कापला नाही. मध्ये दोनदा अण्णांच्या मुठीचे माप घेतले. ओल्या मातीचा गोळा त्यांच्या हातात देऊन हलकेच दाबायला सांगितला, आणि बोटांचे जे ठसे उठले त्यांप्रमाणे दांडीवर खाचा घेतल्या. तर्जनीचा ठसा जवळजवळ नव्हताच.

शेवटी काचकागद, भरडापासून बारीकपर्यंत. मग चमचा पाण्याने ओला करून वाळू द्यावा. दबलेले तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासून काढावे. असे दोनदा केले की पुढे खिचडीत तो खरखरीत होत नाही. सावंतवाडीच्या आणि चन्नपट्टणच्या लाकडी वस्तूंवर लाखेची चकाकी असते, ती अनेकांना हवीशी वाटेल. लाखेविषयी आपल्याकडे काय सांगितले आहे ते आपण जाणता. कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहेच. मी घाण्याचे जवसाचे तेल वापरले. शेंगदाण्याचे तेल वापरू नये, ते सुकत नाही आणि काही दिवसांनी खवट होते. जवसाचे तेल हवेने हळूहळू घट्ट होऊन लाकडात बसते. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘डबल बॉईल्ड’ मात्र खाण्याच्या भांड्याला कदापि लावू नये. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंची रसायने असतात. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने पुसून घ्यावे, दोन दिवसांनी पुन्हा. असे चार-पाच हात, आणि त्यानंतर तीन आठवडे वस्तू नुसती ठेवून द्यावी.

एक सूचना येथे आवर्जून करतो, कारण आपल्या वखारींत बारदान असते. जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा कधीही चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तेल सुकताना उष्णता निर्माण होते. बोळ्याच्या घडीत ती साठते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो, काडी न लावता. कापड पसरून, उघड्यावर, दोरीवर वाळत घालावे; मगच टाकावे.

लाकडी भांडे भिजत घालू नये. वापरले की लगेच धुवावे, पुसावे, उभे ठेवावे. हळदीचा पिवळा डाग पहिल्याच आठवड्यात पडतो आणि जात नाही. आमच्या घरात त्याबद्दल कोणी तक्रार करण्याचा संभव नव्हता.

मार्गशीर्ष लागला. पहिल्या सोमवारी पावणेपाचला वाडग्यात मुगाची खिचडी आणि थोडी आमटी वाढली. मी दुकानातून लवकर आलो होतो, पण समोर बसलो नाही. अण्णांना कोणी पाहत बसलेले आवडत नाही. माजघरात वहीत डोके घालून बसलो. सूनबाईंची पावले मोजत होतो. चमचा पडला की त्या उठून जात. एकदा उठल्या. मग पुष्कळ वेळ काही नाही. पुन्हा उठल्या त्या पाणी द्यायला.

बाहेर आलो तेव्हा घड्याळात पाच वाजून अडतीस मिनिटे झाली होती. खिडकीत ऊन होते. वाडग्याच्या उभ्या भिंतीला चार शिते चिकटली होती, ती अण्णा चमच्याच्या कडेने सावकाश गोळा करीत होते. ती खाऊन त्यांनी वाडग्यात थोडे पाणी ओतून घेतले, प्यायले, आणि चमचा माझ्यापुढे धरला. मला वाटले, आता काही बोलतील.

“अंगठ्याखाली अजून टोचते,” ते म्हणाले. “उद्या तेवढे तासून आण.”